लहान मुलांना घरकामात हाताशी कसं घ्यावं: दीड वर्षापासून आठ वर्षांपर्यंत

दीड-दोन वर्षांचं मूल केरसुणी ओढायला लागलं की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "ठेव ते खाली, घाण आहे. जा, खेळ जा." तेच मूल सात वर्षांचं झालं की सूर बदलतो: "एवढा घोडा झालास, जेवलेलं ताटसुद्धा उचलत नाहीस!" मधल्या पाच वर्षांत काय करायचं, ते इथे क्रमाने सांगते आहे. बालवाडीत मुलांबरोबर काम करताना आणि घरी पोरं वाढवताना एक गोष्ट मला पक्की पटली आहे. मुलाला कामाची हौस आधी येते, कामाला लागणारा हात नंतर येतो. हात येईपर्यंत ती हौस जिवंत ठेवणं, एवढंच मोठ्यांचं काम आहे.

ही हौस खरी असते. फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली अठरा महिन्यांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एक मोठा माणूस कपडे वाळत घालतो, त्याच्या हातून चिमटा खाली पडतो, त्याचा हात तिथवर पोचत नाही. धड चालायलाही नुकतीच शिकलेली ही मुलं, कुणी न सांगता पुढे होऊन चिमटा उचलून द्यायची. आपल्या बाल्कनीत, गच्चीवर, अंगणात रोज हाच प्रसंग घडतो. फरक एवढाच, की आपण घाईत असतो आणि मूल पायात येतं म्हणून त्याला आत पाठवतो.

आधी घर मुलाच्या उंचीला आणा

पूर्वी स्वयंपाक जमिनीवर बसून व्हायचा. चूल, पोळपाट, परात, भाजीची टोपली सगळं मुलाच्या डोळ्यांसमोर असायचं. उभा ओटा आल्यावर मोठ्यांची कंबर वाचली, पण मुलाला आता दिसतात ते फक्त आईचे गुडघे. काय चाललंय तेच दिसत नसेल तर शिकणार कसं? त्यामुळे पहिली पायरी ही: जी कामं खाली बसून होऊ शकतात ती खाली आणा. भाजी निवडणं, शेंगा सोलणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं, शक्य असेल तर पोळ्या लाटणंसुद्धा. एक जुनी चादर किंवा वर्तमानपत्र अंथरलं की जागा तयार.

दुसरं म्हणजे मुलाच्या वस्तू त्याच्या हाताला येतील अशा ठेवा. स्वयंपाकघरातला सर्वांत खालचा एक कप्पा रिकामा करा. त्यात घरातल्या सगळ्यांच्या वाट्या, चमचे, लहान पेले आणि चार-पाच मऊ सुती फडकी राहू द्या. दाराशी खालच्या खुंटीवर त्याचं दप्तर, चप्पल ठेवायला ठरलेली जागा, न्हाणीघराजवळ मळक्या कपड्यांची उघडी टोपली. प्रत्येक वस्तूसाठी "आई, काढून दे" म्हणावं लागलं, तर मूल काम करणार नाही, मागण्याच करत राहील.

तिसरं, अवजारं खरी हवीत, लहान हवीत. खेळातल्या प्लॅस्टिकच्या झाडूने केर निघत नाही, आणि ते मुलाच्या लगेच ध्यानात येतं. फूलझाडू जुना झाला की त्याचा दांडा कापून आखूड करा. खराटा देऊ नका, त्याच्या काड्या टोचतात. सोबत हलकी सुपली. पोळपाट-लाटणं लहान मिळतं. पाणी वाढायला लोटीएवढा स्टीलचा तांब्या. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपलं पहिलं बालगृह सुरू केलं तेव्हापासून त्यांच्या पद्धतीत मुलांच्या मापाची पण खरी अवजारं, खरी भांडी वापरतात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात १९४५ पासून बालशिक्षणाचं जे काम केलं, त्यात मुलांसाठी लागणाऱ्या वस्तू आसपासच्या परिसरातूनच उभ्या केल्या. महागडं काहीही लागत नाही. ज्या घरात फडकं, वाटी आणि तांब्या आहे तिथे सगळी तयारी आहे.

एक काम कसं शिकवायचं

सगळी कामं एकदम काढू नका. एक निवडा आणि ते अंगवळणी पडेपर्यंत तेच राहू द्या. वेळही खोळंबा नसलेली निवडा. शाळेची बस चुकायची वेळ आणि पाहुणे दारात उभे असतानाची वेळ, या दोन्ही शिकवायच्या वेळा नव्हेत. संध्याकाळी स्वयंपाकाआधीचा निवांत वेळ किंवा रविवारची सकाळ उत्तम.

मेथी निवडण्याचं उदाहरण घेऊ, कारण तीन वर्षांच्या मुलाला याहून चांगलं काम मला तरी माहीत नाही. जुडीची मुळं तुम्ही आधीच कापून टाका. मुलाच्या पुढे सगळी जुडी ठेवू नका, चार काड्या ठेवा. एक मोठी वाटी पानांसाठी, कागदाचा एक कोपरा काड्यांसाठी. मग बोलणं बंद करून हात दाखवा. एका हाताने काडी शेंड्याशी धरायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पान धरून खाली ओढायचं, पान वाटीत. पुन्हा एकदा, हळू. आपण एकाच वेळी करून दाखवतो आणि समजावूनही सांगतो, तेव्हा मूल तोंडाकडे बघतं आणि हात निसटून जातो. दाखवताना गप्प, सांगताना हात थांबलेला, एवढं पथ्य पाळा.

आता त्याच्या हातात काडी द्या. सुरुवातीला पानांबरोबर देठ येईल, अर्धं पान फाटेल, पिवळं पान वाटीत पडेल. पडू द्या. हळूहळू तुम्ही नवा बारकावा दाखवा: "हे बघ, पिवळं झालेलं पान इथे वेगळं." एका दिवशी एकच बारकावा. चार काड्या झाल्यावर मूल उठून गेलं तरी चालेल. त्याच्या वाटणीचं काम झालं.

शेवटचा भाग सर्वांत आनंदाचा आहे, तो वगळू नका. परातीत पाणी घ्या, पानं त्यात टाका, मुलाला दोन्ही हातांनी ती वरखाली करू द्या. मग पानं वरच्या वर उचलून चाळणीत काढा आणि परातीच्या तळाशी बसलेली माती त्याला दाखवा. निवडणं-धुणं कशासाठी असतं, हे त्या मातीकडे पाहून कळतं, ते कितीही सांगून कळत नाही. जेवताना मेथीची भाजी वाढली की सांगा, "आजची मेथी निनादने निवडली." इतकंच. भाजी न खाणारी कितीतरी मुलं स्वतः निवडलेली भाजी निदान चाखून तरी बघतात.

हाच क्रम कुठल्याही कामाला लागू पडतो: आधी मुलाने बघायचं, मग दोघांनी मिळून करायचं, मग त्याने करायचं आणि आपण जवळ बसायचं, मग त्याने एकट्याने करायचं. तिसऱ्या पायरीवर आपल्याला सर्वांत जास्त धीर लागतो. हात पुढे जायला लागला की तो मांडीखाली दाबून ठेवा.

ताटं-पाणी

हे काम साडेतीन-चार वर्षांच्या मुलाचं. रात्रीच्या जेवणाला घरातली सगळी माणसं असतात, म्हणून तिथूनच सुरुवात करा. पहिले काही दिवस फक्त चमचे आणि वाट्या. "आपण किती जण आहोत? आजी, आजोबा, बाबा, मी आणि तू." बोटांवर मोजून तेवढ्या वाट्या आणायच्या, प्रत्येकाच्या जागेवर एकेक ठेवायची. एक वाटी उरली किंवा कमी पडली की चूक त्याची त्याला कळते, आपण सांगावी लागत नाही.

हे जमलं की पाणी. तांब्या अर्धाच भरा. एक हात तांब्याच्या गळ्याला, दुसरा बुडाला. पेला जमिनीवर किंवा टेबलावर टेकलेला, कुणी हातात धरलेला नको. ओतताना पेल्याच्या दोन बोटं खाली थांबायचं. त्यासाठी सुरुवातीला पेल्यावर रेघ असेल तर थांबणं सोपं जातं. स्वच्छ फडकं आधीच शेजारी ठेवा, कारण पाणी सांडणारच. सांडलं की एक शब्द न बोलता फडकं त्याच्यापुढे करा. फडकं पाण्यावर पसरायचं, दाबायचं, उचलायचं, मोरीत पिळायचं. मुलं आधी फडकं इकडेतिकडे घासून पाणी आणखी पसरवतात, म्हणून दाबून टिपणं वेगळं दाखवावं लागतं. सांडलेलं पुसता येतं हे ज्या मुलाला माहीत आहे, ते सांडायला घाबरत नाही, आणि त्याच्या हातून सांडतंही कमी.

कोणत्या वयाला काय

दीड ते तीन वर्षांच्या मुलाला आणणं-नेणं आणि टाकणं आवडतं. मळका कपडा टोपलीत टाकणं, कांदा-बटाटा टोपलीतून आणून देणं, चिमटे एकेक हातात देणं, कचरा डब्यात टाकणं, तुळशीला लोटीभर पाणी घालणं. यात "आणून दे" हे एक वाक्य पुरतं. दोन गोष्टी एकदम सांगू नका, दुसरी विसरते आणि आपण रागावतो.

तीन ते पाच हा सोन्याचा काळ. मटार सोलणं, गाजर-काकडी पाण्यात चोळून धुणं, डाळ-तांदूळ मापाने घेऊन धुणं, रुमाल आणि पायमोजे घडी करणं, पांघरुणाची दोन टोकं धरणं, बैठकीतला पसारा टोपलीत भरणं, खिडकीचा गज ओल्या फडक्याने पुसणं. उकडलेला बटाटा सोलणं तर मुलांना फार आवडतं, फक्त बटाटा पुरता गार झालेला हवा. लसूण सोलायला देणार असाल तर पाकळ्या आधी कोमट पाण्यात भिजवा, सालं पटकन सुटतात, आणि काम झाल्यावर लगेच हात धुवायला लावा, नाहीतर तोच हात डोळ्याला लागतो. पोळ्या चालू असताना लिंबाएवढा कणकेचा गोळा द्या. तो कोणत्या का आकाराचा लाटला जाईना, भाजा आणि त्याच्या ताटात वाढा. तो गोळा शेवटी डब्यात परत मिसळला तर मुलाला कळतं की आपल्याला नुसतं गुंतवून ठेवलं होतं.

पाच-सहा वर्षांनंतर केळं, पनीर, उकडलेला बटाटा बोथट सुरीने कापणं, ताक घुसळणं, केर काढणं जमतं. केर काढताना मुलं मध्यभागी झाडू फिरवतात आणि केर सगळीकडे उडतो. जमिनीवर खडूने एक चौकोन काढा आणि चारही भिंतींकडून केर त्या चौकोनात आणायला सांगा. मग सुपलीत भरायचा, चौकोन पुसायचा. या वयात दिवाळीच्या फराळात मुलांना घ्यायलाच हवं. शंकरपाळ्या कातणीने कापणं, करंजीच्या कडा दाबणं, लाडवावर बेदाणा लावणं ही खरी कामं आहेत. तळणीपासून मात्र लांब, दुसऱ्या खोलीत.

जिथे तडजोड नाही

विळी, कुकर, गॅस, मिक्सर, इस्त्री आणि गरम तेल या वयात मुलाच्या हाती लागता कामा नये. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर चुलीपासून हातभर लांब रेघ आखून द्या. फिनेल, अ‍ॅसिड, संडास धुण्याचं लिक्विड वरच्या कप्प्यात कुलपात ठेवा, आणि ते कधीही शीतपेयाच्या जुन्या बाटलीत काढून ठेवू नका. मुलाला पुसायला साधं पाणी पुरतं.

भरलेली बादली मुलापाशी सोडून जाऊ नका. लहान मूल डोक्याच्या भाराने आत पडतं आणि थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं. बाल्कनीत कपडे वाळत घालताना कठड्याशी पाट, स्टूल किंवा खुर्ची ठेवू नका. चिमटे देणारं मूल त्यावर चढून खाली वाकतं. घडीचा स्टँड खोलीत उघडून तिथेच हे काम केलेलं बरं. मटार सोलताना शेजारी बसा, दाणा नाकात किंवा कानात घालण्याचा मोह दोन-तीन वर्षांच्या मुलांना हमखास होतो. अख्खे शेंगदाणेही या वयाच्या मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नका, ते घशात अडकतात.

बोलायचं काय, बक्षीस द्यायचं का

प्रत्येक वेळी "शाब्बास, किती गुणाचं गं माझं बाळ" म्हणायची गरज नाही. कामाचा काय उपयोग झाला ते सांगा. "तू चिमटे दिलेस म्हणून कपडे लवकर वाळत पडले." "वाट्या तूच मांडल्यास, आता लगेच बसू जेवायला." मुलाला आपण घरात लागतो, हे ऐकायचं असतं.

काम केलं की चॉकलेट, पाच रुपये, अर्धा तास मोबाइल, हे सुरूच करू नका. वॉर्नेकन-टोमासेलो यांच्याच २००८ सालच्या प्रयोगात, मदत केल्यावर वस्तू बक्षीस मिळालेली वीस महिन्यांची मुलं पुढे मदतीला कमी वेळा उठली. घरातही तेच दिसतं. पैसे ठरले की भाव सुरू होतो, आणि पैसे नकोसे झाले की काम बंद पडतं. खाऊ द्या, हातखर्चाला पैसेही द्या, पण त्यांची गाठ ताट उचलण्याशी मारू नका.

त्याचप्रमाणे काम ही शिक्षा नको. "मस्ती केलीस ना, आता सगळी खेळणी एकट्याने आवर" असं म्हटलं की आवरणं म्हणजे वाईट, हे मनात बसतं.

आणि मुलाने केलेलं त्याच्यासमोर पुन्हा करू नका. त्याने घातलेली वाकडी घडी तशीच कपाटात जाऊ द्या. काही दुरुस्त करायलाच हवं, म्हणजे मेथीत किडकी पानं राहिली असतील, तर ते मूल दुसरीकडे गेल्यावर करा, आणि पुढच्या वेळी तो बारकावा शिकवा.

मुलगा असो, मुलगी असो

इथे मला ठामपणे बोलायचं आहे. आपल्या घरांत मुलीला सहाव्या वर्षी पाण्याचे पेले आणायला सांगतात आणि तिच्या दहा वर्षांच्या दादाला त्याच पंगतीत बसवून ते पेले देतात. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष साधारण चारातले एकच होते. ही वाटणी मोठेपणी होत नाही. ती पाच-सहा वर्षांच्या मुलांमध्ये, ताटं मांडतानाच होते.

म्हणून कामं मुलगा-मुलगी बघून वाटू नका, आलटून-पालटून द्या. या आठवड्यात ताईकडे ताटं आणि दादाकडे घड्या, पुढच्या आठवड्यात उलट. दुकानातून दूध आणणं मुलीलाही द्या, भांडी विसळणं मुलालाही. बाबा घरात ओट्याला फडकं लावताना दिसत नसतील, तर मुलाला कितीही सांगून उपयोग नाही. "मी आईला मदत करतो" यापेक्षा "आज ताटं माझी" हे वाक्य मुलाच्या तोंडी यायला हवं, कारण घर सगळ्यांचं असतं.

आजी-आजोबा आणि मावशी

"राहू दे गं, एवढंसं पोर ते" असं आजी म्हणते ते प्रेमापोटीच. वाद घालू नका, तिलाच शिक्षिका करा. वाती वळणं, फुलांची परडी आवरणं, शेंगा सोलणं आजीइतक्या निवांतपणे घरात दुसरं कुणी शिकवू शकत नाही. आजोबांकडे चप्पल-बूट आणि झाडांना पाणी. एकदा नातवाने निवडलेले तांदूळ शिजले की त्यांचा विरोध बहुतेक मावळतो.

घरी कामाला मावशी येत असतील, तर मूल आपला पसारा त्यांच्यावर सोडणार नाही, हा नियम घाला. खेळणी आणि जेवलेलं ताट ज्याचं त्याने उचलायचं. "मावशी आहेत ना" हे वाक्य घरात कुणीच म्हणायचं नाही.

नाही म्हणतं तेव्हा

चार-साडेचार वर्षांच्या सुमाराला उत्साह ओसरतो. काम नवं राहिलेलं नसतं. तेव्हा आधी बघा: मूल दमलेलं किंवा भुकेलेलं आहे का, खेळाच्या ऐन मध्यात हाक मारली का, काम मोठं आहे का. "खोली आवर" हे पाच वर्षांच्या मुलाला डोंगराएवढं वाटतं. "आधी सगळ्या गाड्या या टोपलीत, मग मला हाक मार" हे जमतं. खेळ थांबवायचा असेल तर आधी सांगून ठेवा: "हा डाव झाला की ताटं."

तरीही नाही म्हणालं, तर आवाज न चढवता थांबा. वाट्या आल्याशिवाय वाढायचं नाही, आणि सगळ्यांनी शांतपणे बसून राहायचं. बहुतेकदा मूल उठतं. एखाद्या दिवशी उठलं नाही तर तुम्ही मांडा, टोमणा मारू नका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा त्यालाच बोलवा. आजारपण, परीक्षा, लग्नकार्य यात घडी विस्कटतेच. परत सुरू करताना एक पायरी खालून करा: ताटं मांडणारं मूल असेल तर दोन दिवस नुसत्या वाट्या.

सात-आठव्या वर्षी एक अख्खं काम त्याच्या नावावर करा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. उदाहरणार्थ कपडे. वाळलेले काढायचे, माणसागणिक ढीग करायचे, घड्या घालायच्या, ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवायचे. कधी करायचं ते त्याने ठरवायचं, फक्त रात्री झोपण्याआधी कपडे पलंगावर पडलेले नकोत. तुम्ही आठवण एकदाच करायची. एखाद्या दिवशी शाळेचा शर्ट चुरगळलेलाच घालून जावं लागलं तर जाऊ द्या, मध्ये पडून इस्त्री करून देऊ नका. महिनाभराने त्याला विचारा, की हेच काम ठेवायचं की दुसरं घ्यायचं, आणि तो जे सांगेल त्याप्रमाणे बदला.